सक्तीची दोन वर्षं आणि वीस डाव्या बाह्या

हजेरीबाईंच्या ओळखपत्रावर पद छापलं होतं, 'शालेय उपस्थिती सेविका'. हे पूर्ण म्हणेपर्यंत समोरचा माणूस दार लावून मोकळा होई, म्हणून त्या नुसतं "शाळेकडून आलेय" म्हणत आणि म्हणता म्हणता एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवत. मुलांनी त्यांचं नाव चिकटपट्टी ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. माणसाला आयुष्यात एखादी तरी पदवी मिळावी, आणि ही त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं मिळवली होती.

काम सांगायला सोपं. जे मूल आठ दिवस शाळेत दिसलं नाही, त्याचं घर शोधायचं आणि त्याला परत आणायचं. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांच्या खात्यातले बाकीचे लोक घरी जाऊन उपदेश करत, धमक्या देत, शिक्षणाचं महत्त्व सांगत आणि हात हलवत परत येत. बाईंनी उपदेशाचा धंदा पहिल्याच वर्षी बंद केला. त्या घरात शिरत, मूल कशासाठी घरी थांबलंय ते बघत, आणि ते काम सरळ स्वतःच्या हातात घेत. धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी थांबली असेल तर बाई त्या भावाला मांडीवर घेत आणि म्हणत, "झालीस की मोकळी. पळ आता." कपड्यांचा ढीग असेल तर इस्त्री उचलत. दोन दिवस बाई घरात मुक्काम ठोकून बसल्या की तिसऱ्या दिवशी घरच्यांना आपोआप दुसरा मार्ग सुचत असे. परक्या बाईकडून किती दिवस भांडी घासून घेणार?

एकदा एक मुलगा आजारी कुत्र्यापाशी थांबला होता. बाई कुत्र्यापाशी बसल्या, मुलगा शाळेत गेला, कुत्रा बाईंना चावला. ती खूण त्या अजून मोठ्या अभिमानानं दाखवतात. आणखी एक महाभाग नुसता झोपा काढायला घरी राहत होता. बाईंनी त्याची झोपही हातात घेतली. त्याला खाटेवरून उठवलं, स्वतः आडव्या झाल्या आणि चक्क घोरू लागल्या. पोरगं घाबरून दप्तर न घेताच शाळेत गेलं.

हे सगळं सोळा वर्षांच्या आतल्या मुलांचं. मग गेल्या वर्षी नवा नियम आला, की अठरा पूर्ण होईपर्यंत शिक्षण सक्तीचं. साहेबांनी (वय अठ्ठावीस, पदव्या तीन) सगळ्यांना एकत्र बोलावून तासभर पडद्यावर आकडे दाखवले. लोकांनी कपाळाला हात लावला, कारण सतरा वर्षांचा, मिशा फुटलेला माणूस शाळेत ओढून न्यायचा म्हणजे काही खायचं काम नाही. टाळ्या एकट्या बाईंनी वाजवल्या. त्या का वाजवतायत हे कुणी विचारलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही.

घरी मात्र वाद झाला. बाईंचे यजमान निवृत्त बसचालक. शाळा त्यांनी चौदाव्या वर्षी सोडली होती आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचं फार कौतुक होतं.

"सोळा वर्षांच्या घोड्यांना बाकाला बांधून काय मिळणार गं? ज्याला शिकायचं तो शिकतो. ज्याला नाही त्याला सोडावं. माझं काय अडलं?"

"तुमचं काही अडलं नाही. तुम्ही वाटेत थांबून पत्ता विचारत नाही, म्हणून आपण आयुष्यभर उशिरा पोचलो, एवढंच."

"त्याचा शाळेशी काय संबंध?"

"शाळेत पहिलं तेच शिकवतात. कळलं नाही तर विचारा."

वाद तिथंच संपला. यजमान चहा करायला उठले, म्हणजे हरले.

त्या वर्षीच्या यादीत सातवं नाव होतं शिंप्याच्या मुलीचं. वय साडेसोळा, अकरावी, गैरहजर एकोणीस दिवस. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं दुकान. एक काचेचं दार, दोन मशिनं, भिंतीभर लांब टेबल आणि त्या टेबलाखाली चिंध्यांचा डोंगर. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेच्या मोठ्या सुट्टीत मास्तर स्टुलावरून पडले, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर चढलं. तेवढ्यापुरती मुलगी कापायला बसली. प्लास्टर उतरलं, शाळा उघडली, पण मुलगी काही टेबलावरून उतरली नाही.

"मी तिला रोज सांगतो, बाई," मास्तर म्हणाले. "रोज सांगतो, जा शाळेत." हे म्हणताना त्यांनी एका गिऱ्हाइकाचं कापड मुलीकडे सरकवलं. ते सरकवणं त्यांच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं.

मुलगी बारीक चणीची, मान ताठ, गळ्यात टेप. कात्री अशी चालवायची की कापडाला आपण कापले जातोय याचा पत्ता लागू नये. गिऱ्हाइकं आता आल्या आल्या "मुलगी आहे का?" असं विचारत, आणि मास्तर दर वेळी थोडे दुखावून, थोडे फुगून "आहे, आहे" म्हणत.

बाईंनी नेहमीप्रमाणे पदर खोचला. "आज काय काम आहे?"

"दहा कोट. हॉटेलच्या वाढप्यांचे," मुलगी म्हणाली. "अंगं कापून झालीत. बाह्या राहिल्यात, वीस."

"त्या मी कापते. तू शाळेत जा."

मुलीनं बाईंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मास्तर त्या दिवशी मनगटाच्या व्यायामासाठी दवाखान्यात निघाले होते, त्यांनी काही न ऐकल्यासारखं केलं. मुलगी जरा हसली, बाहीचा पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर ठेवला, खडूनं एक बाही आखून दाखवली. "अशा वीस. चार-चार थर घ्या, हात दुखणार नाही." आणि खरंच दप्तर घेऊन गेली. बाईंना वाटलं, ही तर पहिल्याच दिवशी सरळ झाली! अशा वेळी खरं तर माणसानं सावध व्हायला हवं.

बाई दुपारपर्यंत कापत होत्या. कापड जाड, एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं साधं. बाईंनी चकचकीत बाजू वर ठेवून चार-चार थर नीट रचले, खुणेबरहुकूम कापले आणि वीस बाह्यांची सुबक चळत लावली. स्वतःवर खूश होऊन त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

मुलगी शाळेतून आली. तिनं वरची बाही उचलली, मग दुसरी, मग तिसरी. मग ती स्टुलावर बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"काय झालं गं?"

"बाई, माणसाला हात किती असतात?"

"दोन."

"दोन्ही डावे?"

झालं होतं असं, की बाहीचा पुढचा आणि मागचा गोल सारखा नसतो. शिंपी कापड दुमडून, चकचकीत बाजू आतल्या आत समोरासमोर ठेवून कापतो, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. बाईंनी सगळी तोंडं वर करून कापली होती. वीसच्या वीस बाह्या डाव्या हाताच्या. उलटी करून लावावी तर चकचकीत बाजू आत जाणार. आणि ताग्यात कापड शिल्लक नाही.

"अगं, सांगायचंस ना!" बाई कासावीस झाल्या.

"हे सांगावं लागतं?" मुलीच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "मला वाटलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं."

मास्तर आले, त्यांनी चळत पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोट परवा द्यायचे होते. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बावीस वर्षांत त्यांनी लोकांचा भात करपवला होता, एका शर्टाला इस्त्रीनं भोक पाडलं होतं, पण कुणाची अख्खी ऑर्डर अशी मातीत घातली नव्हती.

मुलीनं मात्र तोवर दहा डाव्या बाह्या बाजूला काढल्या होत्या. पुठ्ठा पालथा घातला, दोन बोटं खाली सरकवला, खडू फिरवला. डाव्या बाहीच्या पोटातून उजवी बाही निघाली, फक्त दोन बोटं आखूड. मग तिनं उरलेल्या दहाही तेवढ्याच आखूड केल्या आणि वीसही बाह्यांना मनगटाशी गडद रंगाची पट्टी जोडायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला, पट्ट्या बघून म्हणाला, "हे बरं सुचलं तुम्हाला. डाग दिसणार नाहीत." मास्तरांनी खाकरून श्रेय घेतलं.

पण हे दोन दिवस मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही. आणि आता बाईंची ती जुनी रीत मोडीत निघाली होती. हे काम हातात घेता येत नव्हतं.

हॉटेलवाला गेल्यावर मुलगीच म्हणाली, "बाई, आता तुम्हीच सांगा. आणखी दोन वर्षं बसून मला काय येणार आहे, जे मला येत नाही?"

"खूप काही."

"म्हणजे काय? अकरावी-बारावीत शिकवतात काय?"

बाईंना माहीत नव्हतं. त्या स्वतः पंधराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडल्या होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा लिहिता-वाचता येणं एवढीच अट होती, आणि खात्यात आता हे कुणाला आठवतही नव्हतं. ज्या वर्गात त्या पोरांना ढकलून देत होत्या, त्याचं दार त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं होतं. बाईंना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. मुलीला वाटलं, ही पळवाट आहे.

पळवाट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीबाई अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. चिकटपट्टी आता वर्गालाच चिकटली, अशी बातमी मधल्या सुट्टीच्या आत सगळ्या शाळेत पोचली. बाई दिवसभर बसल्या आणि संध्याकाळी थेट दुकानात आल्या.

"सांगा," मुलगी म्हणाली. टेप गळ्यात, हात कमरेवर. साक्षात परीक्षक.

"खरं सांगू? अर्थशास्त्राला झोप लागली. मागणी वाढली एवढं ऐकलं, पुढे तिचं काय झालं माहीत नाही. भाषेच्या तासाला बाई चांगल्या होत्या, पण मुलं आवाज करत होती. गणितात मी फळ्यावरचं उतरवून घेतलं, नुसतं उतरवून. आणि भूगोलाला मजा आली."

"कसली?"

"पृथ्वी गोल. नकाशा सपाट. मग गोल वस्तू सपाट कागदावर बसवायची कशी? बाईंनी संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबली, ती फाटली. कुठेतरी फाडावं लागतं नाहीतर ताणावं लागतं, म्हणाल्या. वर्गात कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही."

"त्यात न शिरण्यासारखं काय आहे?" मुलगी लगेच म्हणाली. "आम्ही रोज उलटं करतो. सपाट कापड गोल खांद्यावर बसवतो. चिमटा घेऊन शिवायचं, त्याला डार्ट म्हणतात. न घेता बसवाल तर चुण्या पडणारच. म्हणजे नकाशात डार्ट उसवलेले असतात. एवढंच ना?"

"मला काय विचारतेस? भूगोलाच्या बाईंना सांग. त्या बिचाऱ्या अर्धा तास संत्रं दाबत होत्या."

मुलीनं डोळे बारीक केले. "ही युक्ती आहे ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "आहे."

"लागू नाही पडली."

मास्तर मशिनवर मान खाली घालून शिवत होते, पण मशिन केव्हाच थांबलं होतं.

त्या दिवशी महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता. बाईंच्या पिशवीत सातव्या नावाचा कागद होता आणि त्यावर दोन चौकोन होते. एकात 'परत हजर', दुसऱ्यात 'प्रकरण समितीकडे'. दुसऱ्यावर खूण झाली की मास्तरांना समितीपुढे उभं राहावं लागणार, दुकानाला नोटीस लागणार, आणि मुलीला माणसं येऊन घेऊन जाणार. तशी नेलेली मुलं कशी बसतात ते बाईंनी आजच मागच्या बाकावरून पाहिलं होतं. दोघं होती. दिवसभर खिडकीबाहेर बघत होती.

"बाई," मुलगी जरा नरमाईनं म्हणाली, "तुम्ही एवढ्या मागे का लागता हो? तुमच्या वेळी कुणी आलं होतं का असं?"

"आलं होतं."

बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनाही नाही. पण दिवसभर बाकावर बसून त्यांचा बांध सैल झाला होता, आणि मुलगी सरळ विचारत होती.

"मी पंधराची. आई शिवणाची कामं घरी आणायची, बटणं लावायची, काजं करायची. मला घरी बसवलं. पंधरा दिवसांनी वर्गातल्या बाई आल्या. मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, ती घरी नाही, मामाकडे गेलीय. बाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. आणि मी खोकले."

"खोकला झाला होता?"

"नाही. मुद्दाम. दोनदा."

मुलीनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, बरं, येते. आणि गेल्या. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांना ऐकू आलं नसेल. मोठी झाल्यावर कळलं, आलं होतं. पण आईनं नाही म्हटल्यावर त्या काय करणार? त्यांच्या हातात तेव्हा कसलाच नियम नव्हता. माझ्या हातात आहे. म्हणून मी एक पाय आधी आत ठेवते."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, मग न घालताच खिशात ठेवला.

मुलीला वाईट वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती शिंप्याची मुलगी, मापात एक सूतही इकडेतिकडे होऊ देणारी नव्हे. "पण बाई," ती हळू म्हणाली, "मी दाराआड नाहीये. मी तुमच्या समोर उभी आहे आणि नको म्हणते आहे."

बावीस वर्षं बाई प्रत्येक दारात तोच खोकला ऐकत आल्या होत्या. बऱ्याचदा तो असायचाही. ही मुलगी खोकली नव्हती, हे मात्र खरं होतं, आणि खरं असेल ते आपल्याला सोयीचं नाही म्हणून ऐकायचं नाही, असं करणारी माणसं बाईंना मुळीच आवडत नसत. त्यांत आपण स्वतः आहोत की काय, या विचारानं त्यांना कसंनुसं झालं.

त्यांनी पिशवीतून कागद काढला, टेबलावर खडूच्या खुणांवर सपाट केला. दोन्ही चौकोन सोडले. खाली मोकळी जागा होती तिथं टेबलावरच्या पट्टीनं एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मुलीचं म्हणणं'.

"साहेब चालवून घेतील?" मास्तरांनी विचारलं.

"साहेबांनी नाही म्हटलं तर मी त्यांच्या टेबलापाशी बसेन. तिसऱ्या दिवशी चालवून घेतील." त्यांनी पेन मुलीपुढे धरलं. "लिही. नको तर नको लिही, पण का ते लिही. हवं ते माग. तुझ्या अक्षरात. मी एक शब्द बदलणार नाही."

कात्रीला न अडखळणारा तो हात पेनापाशी अडखळला. मुलीनं दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, टेपचं टोक चावलं. शेवटी तिनं कागद फिरवून बाईंपुढे केला. लिहिलं होतं, की मला कापायचं सोडायचं नाही आणि ते शाळेत कुणाला येत नाही. आठवड्याचे तीन दिवस शाळेत येईन, तीन दिवस दुकानात शिकेन, आणि दुकानातलं शिकणंही शिकणंच धरावं. भूगोलाचे तास शाळेच्या दिवशी ठेवावेत. डार्टचं मी स्वतः सांगेन.

बाईंनी दोनदा वाचलं. तीन दिवस म्हणजे अर्धं. साहेब आकडे दाखवणार, त्या बसून राहणार. बाईंना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"थांबा," मुलगी म्हणाली. "तेव्हा त्या बाईंनी तुम्हाला असा कागद दिला असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

बाईंनी फार विचार केला नाही. "'मी घरी आहे.' एवढंच."

मुलीनं त्यांच्या हातातून कागद परत ओढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि शाळेच्या तीन दिवसांचे चार केले.